दगड नको, कागद हवा!

खासगी इस्पितळात रुग्ण अकस्मात दगावला की पुढे काय घडते, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. नातेवाइकांचा आक्रोश, दारापुढे जमलेला जमाव, फुटलेल्या काचा, पोलिसांची गाडी, रात्री उशिरा चार वडीलधाऱ्यांनी घडवून आणलेली तडजोड, आणि चौथ्या दिवशी सगळीकडे सामसूम! ज्या घरातील कर्ता माणूस किंवा ज्या घरातील बाळंतीण गेली, त्या घराच्या पदरात अखेर काय पडते? फार तर बिलात सूट. ज्याच्या हातून दगड सुटला त्या तरुणाच्या मागे मात्र कोर्टाच्या तारखा लागतात. कारण इस्पितळावरील हल्ला हा कर्नाटकात २००९ पासून आणि महाराष्ट्रात २०१० पासून खास कायद्याने दंडनीय ठरविलेला अपराध आहे. हा मृत्यू टाळता आला असता काय, हा खरा प्रश्न तसाच अनुत्तरित राहतो.

या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा अधिकार मृताच्या कुटुंबाला कायद्याने दिलेला आहे. तो नुसता पुस्तकात नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो वेळोवेळी मान्य केलेला आहे. परंतु त्या अधिकाराची लढाई बहुधा पहिल्या चार-आठ दिवसांतच जिंकली अथवा हरली जाते आणि ती कागदपत्रांवर लढली जाते. हे आमच्या समाजाला अद्याप उमगलेले नाही, म्हणून आजचा हा प्रपंच.

प्रथम डॉक्टरमंडळींच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इस्पितळातील प्रत्येक मृत्यू हा हलगर्जीपणाचा मृत्यू नव्हे. उत्तम वैद्य, उत्तम औषध आणि अहोरात्र शुश्रूषा असूनही माणूस जातो. कायदाही डॉक्टराकडून चमत्काराची अपेक्षा करीत नाही. त्या शाखेतील सर्वसाधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली काय, एवढेच तो विचारतो. दोन मान्य उपचारांपैकी एक निवडला आणि तो फसला, तर तो अपराध होत नाही. मात्र ताप कशाचा आहे हे पाहावयाचे राहून गेले, शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होत असताना रात्रभर डॉक्टर फिरकले नाहीत, भूल देणारा तज्ज्ञ नसताना भूल दिली गेली, तर त्या मृत्यूला दैवगती म्हणून सोडून देणे हा मृताशीही अन्याय आहे आणि उद्या त्याच खाटेवर येणाऱ्या रुग्णाशीही.

या विषयातील आपल्या देशाचा पायाभूत निवाडा मराठी मुलखातलाच आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यास आणले. तेथील एका खासगी इस्पितळात हाड बसविण्यात आले आणि त्याच रात्री नऊ वाजता तो मुलगा वारला. योग्य ती भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या इंजेक्शनावर हाड ओढल्याने बसलेल्या धक्क्यामुळे हा मृत्यू ओढवला, असे न्यायालयांनी मानले. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या दाव्याचा अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी दिला. भरपाई मिळाली ३,००० रुपये आणि वाट पाहावी लागली पंधरा वर्षे! पण रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, उपचार कोणता करावा हे ठरविताना आणि तो प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टराने योग्य काळजी घेतलीच पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने देशाला दिले. एका मराठी बापाने चिकाटी सोडली नाही म्हणून ते मिळाले.

हा बाप स्वतः डॉक्टर होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढे कोलकात्याच्या प्रकरणात, १९९८ साली पत्नी गमावलेल्या कुणाल साहा यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुमारे ६ कोटी रुपये आणि त्यावर व्याज देवविले, तेही डॉक्टरच. हैदराबादेत २००२ साली एका गृहस्थांची पत्नी तापाने आजारी पडली. मलेरिया असताना खासगी इस्पितळात टायफॉइडचे उपचार झाले आणि ती दगावली. जिल्हा ग्राहक मंचाने दिलेली २ लाख रुपयांची भरपाई वरच्या आयोगांनी रद्द केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पुन्हा कायम केली. हे गृहस्थ मलेरिया खात्यातच अधिकारी होते! तिन्ही ठिकाणी घरात जाणकार माणूस होता. काय चुकले हे त्याला कळले, कोणता कागद मागावयाचा हे ठाऊक होते, म्हणून लढा टिकला. आमच्या खानापूरच्या शेतकऱ्याने किंवा निपाणीच्या विडी कामगार भगिनीने हे ज्ञान कोठून आणावे? कायदा सर्वांना सारखा आहे. पण त्याची किल्ली जाणत्यांच्याच हाती राहिली आहे. ती किल्ली सर्वांच्या हाती देणे हे समाजाचे काम आहे.

यास्तव मार्ग कोणते आहेत ते क्रमाने पाहू. दिवाणी न्यायालयाचा मार्ग फार जुना आहे; दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू ओढवल्यास कुटुंबाला भरपाई मागू देणारा कायदा १८५५ सालचा आहे. परंतु कोर्ट फी आणि विलंब यांमुळे सामान्य माणूस त्या वाटेला क्वचितच जातो. खरा उपयोगी पडतो तो ग्राहक संरक्षण कायदा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहकसेवाच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरविले. जे इस्पितळ काही रुग्णांकडून पैसे घेते आणि काहींवर मोफत उपचार करते, तेथील मोफत रुग्णालाही हा हक्क आहे. सर्वांनाच मोफत सेवा देणारी सरकारी इस्पितळे मात्र यातून वगळली आहेत. २०१९ च्या नव्या कायद्यात ‘आरोग्यसेवा’ हा शब्द लिहिलेला नाही, तेव्हा डॉक्टर त्यातून सुटले, असा युक्तिवाद केला गेला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरला नाही.

या नव्या कायद्यातील एक तरतूद तर जणू सीमाभागासाठीच लिहिलेली वाटते. आमचा रुग्ण राज्याची हद्द पाहून आजारी पडत नाही. सर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभारले तेव्हापासून या मुलखाची दुखणी मिरजेच्या वाटेने जात आली आहेत. आज कोल्हापूर, सांगली, गोवा, पुणे याही वाटा रुळल्या आहेत. १९८६ च्या जुन्या कायद्याप्रमाणे तक्रार इस्पितळ असेल तेथील मंचापुढेच करावी लागे. म्हणजे मिरजेत माणूस गेला तर बेळगावच्या विधवेने प्रत्येक तारखेला सांगलीस जावयाचे! २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच्या ३४ व्या कलमाने तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो, तेथील जिल्हा आयोगापुढेही तक्रार करण्याची मुभा दिली. आता बेळगावची विधवा बेळगावच्या आयोगापुढे उभी राहील आणि इस्पितळाचा वकील तेथे येईल. ही केवढी मोठी सोय आहे! पण ती किती घरांना ठाऊक आहे?

तक्रार मृताचा कायदेशीर वारस करू शकतो. कोणत्या आयोगापुढे जावयाचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर इस्पितळाला दिलेल्या रकमेवर ठरते. २०२१ च्या अखेरीस झालेल्या नियमांप्रमाणे ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे, म्हणजे सामान्य घरांची जवळजवळ सर्व प्रकरणे जिल्ह्यातच चालतील. ५ लाखांपर्यंतच्या बिलासाठी कसलेही शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो.

चूक नेमकी कोणाची, हे कुटुंबाने कसे सांगावे, अशी शंका पुष्कळांना येते. या डॉक्टरांनी तपासले, त्यांनी शस्त्रक्रिया केली, रात्री कोणी तिसरेच होते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शंकेचे निरसन केले आहे. रुग्ण इस्पितळाच्या स्वाधीन केला होता. तेव्हा इस्पितळाविरुद्ध तक्रार पुरेशी आहे. प्रथमदर्शनी हयगय दिसली की आपण योग्य काळजी घेतली होती हे दाखविण्याची जबाबदारी इस्पितळावर येते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ डॉक्टराची साक्ष आणलीच पाहिजे असेही नाही, हे वर सांगितलेल्या हैदराबादच्या निकालाने स्पष्ट केले. काही चुका स्वतःच बोलतात. औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली; तेथे वेगळा पुरावा काय हवा? तरीही तिच्या कुटुंबाला ३६,००० रुपयांसाठी १९९६ सालापर्यंत, तेहेतीस वर्षे, थांबावे लागले. सरकारी इस्पितळाच्या चुकीला शासन जबाबदार आहे, हे त्या निकालाने सिद्ध झाले.

आता मुख्य मुद्दा कागदांचा. इस्पितळाचा केसपेपर, परिचारिकांनी दर तासाला केलेल्या नोंदी, भूलतज्ज्ञाची टिपणे, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, संमतिपत्र आणि बिले हाच या खटल्यातील साक्षीदार आहे, आणि तो इस्पितळाच्या कपाटात बसलेला असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे हे कागद निदान तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हा अर्ज लेखी करावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी; पोच देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर्ड पाठवावा. उशिरा मिळालेल्या कागदावर नंतर काय काय लिहिले जाऊ शकते, हे सांगावयास नको. ज्या इस्पितळाच्या काचा फुटल्या तेथील कागदही त्याच गोंधळात नाहीसे झाले, असे सांगण्याची सोय आपणच त्यांना करून देतो, हे दगड उचलणाऱ्याने लक्षात ठेवावे.

दुसरा कागद मृत्यूच्या कारणाचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार हा दाखला निबंधकास विनामूल्य देऊन त्याची प्रत जवळच्या नातलगास देणे इस्पितळावर बंधनकारक आहे. त्यात ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले असेल तर ती कशाने बंद पडली हे विचारावे. हृदय तर प्रत्येकाचेच अखेरीस बंद पडते.

तिसरा कागद शवविच्छेदनाचा. येथे आमच्या भावना आड येतात. गेलेल्या माणसाची आणखी विटंबना नको, असे घरातील वडीलधारे म्हणतात आणि त्यांचे दुःख आम्ही जाणतो. परंतु एकदा चितेला अग्नी दिला की मृत्यूचे कारण हा केवळ तर्काचा विषय राहतो आणि तर्काचा फायदा नेहमी इस्पितळाला मिळतो. खरोखरच शंका असेल तर अंत्यविधीपूर्वी पोलिसांत लेखी अर्ज देऊन सरकारी इस्पितळात शवविच्छेदनाची मागणी केली पाहिजे. बिल थकले म्हणून मृतदेह अडविण्याचा अधिकार इस्पितळाला नाही. कर्नाटकात २०१७ च्या दुरुस्तीने आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी तशी स्पष्ट मनाई आहे.

चौथी गोष्ट म्हणजे जो कागद देऊ नये तो. ‘आमची काही तक्रार नाही’ अशा अर्थाचे पत्र मध्यरात्री सही करून देण्याची पद्धत पडली आहे. तेच पत्र पुढे इस्पितळाच्या वकिलाच्या हातातील पहिले शस्त्र होते. शोकाच्या प्रसंगी पुढाकार घेणाऱ्या पंचमंडळींना आमची हात जोडून विनंती आहे की, त्या रात्री कोणाचीही सही घेऊ नये.

फौजदारी मार्गाविषयी मात्र समाजात फार गैरसमज आहेत. डॉक्टरला ताबडतोब अटक करा, ही जमावाची मागणी असते. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी घालून दिलेला दंडक असा की, डॉक्टरवर फौजदारी खटला चालविण्यास साधी चूक पुरत नाही, हलगर्जी घोर असावी लागते. पोलिसांनी प्रथम स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टराचे, घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात हयगयीने झालेल्या मृत्यूसाठी एरवी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टराकडून उपचार करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. घोर प्रकार असेल तेथे फिर्याद अवश्य द्यावी; पण ती फसली म्हणून भरपाईचा हक्क बुडत नाही, कारण तेथे पुराव्याची कसोटी निराळी आहे. डॉक्टराचे नाव नोंदवहीतून काही काळ किंवा कायमचे काढण्याचा अधिकार राज्याच्या वैद्यक परिषदेला आहे. भरपाई मात्र तेथे मिळत नाही.

मुदत विसरून चालणार नाही. ग्राहक आयोगापुढे तक्रार दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे. सबळ कारणाखेरीज विलंब माफ होत नाही. गोव्यातील एका परिचारिकेच्या पोटात १९९३ च्या शस्त्रक्रियेत राहिलेली पट्टी २००२ साली सापडली. ती वाचली, पण तिने २००४ साली केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुदतबाह्य ठरविली. इतकी वर्षे दुखत असताना परिचारिका असूनही आपण तपास का केला नाही, असे न्यायालयाने तिला विचारले. वर्षश्राद्ध झाले की पाहू, असे म्हणणाऱ्यांचे निम्मे आयुध तेथेच गळून पडते.

नागरिकांनी हे सारे करावे आणि शासनाने स्वस्थ बसावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तीन महिन्यांत निकाल द्यावा असे ग्राहक कायदा सांगतो. ते घडावयाचे तर आयोगात माणसे तरी हवीत. देशभरातील आयोगांच्या रिकाम्या जागांची दखल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयालाच स्वतः होऊन घ्यावी लागली. कर्नाटकात खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील तक्रार प्राधिकरण आहे. हा दुरुस्तीचा कायदा २०१७ च्या नोव्हेंबरात बेळगावच्याच अधिवेशनात आला, डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवून त्याला विरोध केला आणि काही कलमे सौम्य होऊन तो संमत झाला. ज्या नगरीत एवढे रण माजले, तेथील नागरिकांना त्या प्राधिकरणाचा पत्ता माहीत नसावा, ही शोभेची गोष्ट नव्हे. प्रत्येक इस्पितळाच्या दर्शनी भागी तो पत्ता ठळक अक्षरांत लावण्यास प्रशासनाने भाग पाडावे.

आणि संमतिपत्राच्या भाषेचे काय? समजून दिलेली संमती हीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. जिला केवळ मराठी वाचता येते अशा मातेपुढे इंग्रजीत अथवा कन्नडमध्ये छापलेला कागद ठेवून अंगठा घेणे, ही संमती कशी? हाच न्याय मिरज-सांगलीच्या इस्पितळात जाणाऱ्या कन्नड मातेलाही लागू आहे. रुग्णाच्या भाषेत छापलेले संमतिपत्र ही कोणावर मेहेरबानी नसून उपचाराचाच भाग आहे.

आमच्या गल्लोगल्ली युवक मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, वाचनालये आहेत. प्रत्येक मंडळाने दोन जाणते कार्यकर्ते तयार करावेत. कागद मागण्याच्या अर्जाचा नमुना त्यांच्याजवळ तयार असावा, विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता त्यांना ठाऊक असावा आणि रुग्णाच्या दुःखाची जाण असलेल्या एखाद्या सेवानिवृत्त डॉक्टराशी व तरुण वकिलाशी त्यांचा संबंध असावा. असा माणूस त्या रात्री शोकाकुल घराजवळ उभा राहिला, तर जमाव आपोआप शांत होईल आणि प्रामाणिक डॉक्टरांनाही निर्धास्तपणे काम करता येईल. जेथे खरी हयगय झाली असेल तेथे इस्पितळाला काचांची भीती वाटण्याचे कारण नाही. काच दुसऱ्या दिवशी बसविता येते. त्याला भीती वाटावी ती पोच घेतलेल्या अर्जाची.